पंचेचाळीस गुणांची सनद

ऑल इंडिया बार एक्झामिनेशनच्या निकालात क्रमांक नसतो, श्रेणी नसते, कोणत्या विषयात किती पडले याचा तपशीलही नसतो. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढाच निवाडा. कागदपत्रांत काही राहिलं असेल तर निकाल राखून ठेवल्याची नोंद. तीन किंवा पाच वर्षं कायदा शिकलेल्या आणि सनद घेऊन कोर्टात उभं राहू लागलेल्या माणसाबद्दल इतक्या कमी शब्दांत इतकी मोठी गोष्ट सांगणारा कागद विरळाच. माझं म्हणणं असं की हा निकाल आपण चुकीचा वाचतो. उत्तीर्ण झालेले तो चुकीचा वाचतात, अनुत्तीर्ण झालेले तर फारच चुकीचा वाचतात. आणि परीक्षा घेणारी संस्था निकालासोबत इतकं कमी देते की तो नीट वाचण्याची सोयच उरत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर ही गोष्ट अधिक टोचते, कारण इथे वकील होणं ही अजून घराची आणि गावाची बातमी असते. अलिबागचं जिल्हा न्यायालय, आणि मुरूड, श्रीवर्धन, पेण, उरण, महाड इथली तालुक्याची न्यायालयं. या कोर्टांत आज येणारी नवी मुलं-मुली बरीचशी आगरी, कोळी, कुणबी, बौद्ध घरांतली, घरातली पहिलीच वकील अशी आहेत. अलिबागला अ‍ॅड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय आहे, नवीन पनवेलला भागूबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे. त्यामुळे कायद्याच्या पदवीसाठी मुंबईत खोली घेऊन राहणं आता भाग नाही. पदवी झाली की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नावनोंदणी होते, सनद क्रमांक मिळतो, कोट आणि बँड येतो, नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लागतो. परीक्षा येते ती यानंतर.

हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय निकालाचं दुखणं समजत नाही. आपल्याकडे सहसा आधी सनद मिळते आणि मग दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण होण्याची हमी लिहून द्यावी लागते. उत्तीर्ण झालं की सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे व्यवसाय चालू ठेवण्याचं प्रमाणपत्र. त्यामुळे नापासाचा शिक्का बसतो तो विद्यार्थ्यावर नाही. सीनिअरबरोबर वर्षभर जामीन अर्ज लिहिणाऱ्या, तारखा घेणाऱ्या, पक्षकारांनी ‘वकीलसाहेब’ म्हणायला सुरुवात केलेल्या माणसावर बसतो. घरी आत्या विचारते, “तू तर वकील झालीस ना गं? मग आता नापास कशात झालीस?” या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, आणि ते नसण्यात त्या मुलीचा काही दोष नाही.

परीक्षा आली कुठून, तेही थोडक्यात सांगतो. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये सुरुवातीला नावनोंदणीपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा या दोन्हींची तरतूद होती. 1973 च्या दुरुस्तीने संसदेने ती काढून टाकली. 1995 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने प्रशिक्षणाचे नियम आणून पाहिले. ते सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये व्ही. सुदीर खटल्यात रद्द केले. संसदेने जे वगळलं ते कौन्सिलला नियमाच्या वाटेने परत आणता येणार नाही, हे त्यामागचं तर्कशास्त्र. तरीही 2010 मध्ये कौन्सिलने परीक्षेचे नियम केले, 2009-10 या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेणाऱ्या सर्वांना ती बंधनकारक केली, आणि 6 मार्च 2011 रोजी पहिली परीक्षा झाली. तिच्या वैधतेचा वाद बॉनी फॉई लॉ कॉलेज खटल्यात घटनापीठापुढे गेला. 10 फेब्रुवारी 2023 रोजी न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी परीक्षा वैध ठरवली आणि सुदीर निकाल बाजूला सारला. परीक्षा घेण्याचा अधिकार कौन्सिलला आहे की नाही, हा प्रश्न तिथे संपला. ती परीक्षा काय मोजते, हा प्रश्न मात्र कोणत्याही न्यायालयापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे.

मोजमापाकडे येऊ. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, साडेतीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. टिपणं नसलेली मूळ कायद्यांची पुस्तकं आत नेता येतात. उत्तीर्ण होण्यासाठी पूर्वी खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 35 टक्के लागत. डिसेंबर 2023 च्या अठराव्या परीक्षेपासून ते 45 आणि 40 झाले.

आता साधं गणित करून पाहा. एखाद्याला फक्त 27 प्रश्नांची उत्तरं खात्रीने येतात आणि उरलेल्या 73 ला त्याने डोळे मिटून खुणा केल्या. चारातला एक अंदाज बरोबर येतो असं धरलं तर त्याला सरासरीने आणखी 18 गुण मिळतात. 27 आणि 18 म्हणजे 45. म्हणजे उत्तीर्णतेच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्नपत्रिकेतलं एक चतुर्थांशाहून थोडंच अधिक खरोखर येत असू शकतं. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय उघड चुकीचे म्हणून बाद करता आले, तर त्याहूनही कमी पुरतं. म्हणून ‘उत्तीर्ण’ या शब्दाचा अर्थ ‘वकिलीला योग्य’ असा लावणं बरोबर नाही. त्याचा अर्थ एवढाच, की कायद्याची पुस्तकं समोर असताना या माणसाने एका अगदी खालच्या पातळीच्या वर काम केलं. ती पातळी ठरवणं आवश्यक आहे, याबद्दल माझा वाद नाही. पक्षकार आपली जमीन, आपला मुलगा, आपलं घर वकिलाच्या हाती सोपवतो. त्या हातांना किमान पुस्तक उघडता यावं, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु किमान पातळीला गुणवत्तेचं प्रमाणपत्र समजण्याची गल्लत पक्षकार करतो आणि नवा वकीलही करतो.

दुसऱ्या बाजूने 43 टक्क्यांवर थांबलेली मुलगी पाहा. शंभर प्रश्नांच्या परीक्षेत पंचेचाळिशीच्या आसपास असणाऱ्याचे गुण, तीच तयारी आणि तीच बुद्धी असूनही, निव्वळ कोणते शंभर प्रश्न आले यावर चार-पाचांनी वरखाली होऊ शकतात. हे संख्याशास्त्र सांगतं. म्हणजे 43 आणि 47 यांतला फरक ज्ञानाचा आहे असं खात्रीने म्हणताच येत नाही. रेषा कुठेतरी ओढावी लागते हे खरं. पण ती कौन्सिलने ठरवलेली असते, निसर्गाने आखून दिलेली नसते. फेब्रुवारी 2023 मध्ये सतराव्या परीक्षेत खुल्या गटात 42 टक्के मिळवणारा उत्तीर्ण झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेवढेच टक्के मिळवणारा अनुत्तीर्ण. दहा महिन्यांत माणसं बदलली नव्हती, नियम बदलला होता. अमेरिकेत अनेक राज्यांनी एकच बार परीक्षा स्वीकारली आहे, पण उत्तीर्णतेची रेषा ज्याने त्याने ठरवायची. न्यूयॉर्कला 266 लागतात, अलाबामाला 260 पुरतात. त्यामुळे 262 गुणांचा उमेदवार एका राज्यात वकील आणि दुसऱ्या राज्यात नापास असतो. तिथल्या उमेदवाराला निदान हे माहीत असतं, कारण त्याच्या हाती आकडा असतो.

अठराव्या परीक्षेत आणखी एक गोष्ट घडली आणि तिची पुरेशी चर्चा झाली नाही. उत्तरसूचीवर हरकती आल्यानंतर सात प्रश्न रद्द केले गेले आणि निकाल 93 प्रश्नांवर लावला गेला. त्यामुळे खुल्या गटासाठी रेषा 42 गुणांवर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 37 वर आली. सदोष प्रश्न काढायलाच हवेत. परंतु काढल्याचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. समजा एका उमेदवाराची मूळ शंभरात 45 उत्तरं कौन्सिलच्या पहिल्या सूचीप्रमाणे बरोबर होती, आणि त्यातली चार रद्द झालेल्या प्रश्नांत होती. तो आता 41 वर आला, म्हणजे नापास. दुसऱ्याची 42 बरोबर होती आणि त्यातलं एकही रद्द झालं नाही. तो पास. पहिला कमी शिकलेला होता का? त्याने सदोष प्रश्नांवर वेळ घालवला, पुस्तक चाळलं, उत्तर शोधलं. ती मिनिटं त्याला कुणी परत केली नाहीत. 210 मिनिटांत शंभर प्रश्न म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं आणि वर सहा सेकंद. त्या हिशेबात सात प्रश्न म्हणजे जवळजवळ पाव तास. अमेरिकेतल्या बहुपर्यायी बार परीक्षेत दोनशे प्रश्न असतात, त्यांतले 25 निव्वळ चाचणीसाठी घातलेले असतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत. प्रश्न आधी पारखायचा, मग त्यावर कुणाचं भवितव्य ठरवायचं, ही तिथली रीत. आपल्याकडे पारख होते ती उमेदवारांच्या हरकतींतून, परीक्षेनंतर.

आता रायगडच्या जमिनीवर येतो, कारण माझा सगळ्यांत मोठा आक्षेप इथे आहे.

परीक्षेचा गुणांचा आराखडा जाहीर असतो. राज्यघटना 10, दिवाणी प्रक्रिया 10, फौजदारी प्रक्रिया 10, पुरावा 8, दंडविधान 8, कौटुंबिक कायदा 8, करार-मालमत्ता-चलनक्षम दस्तऐवजांचा गट 8. पर्यावरण कायद्याला 2. भूसंपादनाला 2. व्यावसायिक नीतिमत्तेला 4. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 कुठेच नाही, कूळकायदा कुठेच नाही. देशभराच्या परीक्षेत एका राज्याचे कायदे येणार नाहीत, हे मला समजतं. पण अलिबाग किंवा पेणच्या कोर्टात आणि प्रांत, तहसीलदारांपुढे रोज जे चालतं त्यात सातबारा, फेरफार, कुळाची नोंद, बिगरशेती परवानगी, वाटप, खारभूमीतली बांधबंदिस्ती यांचाच भरणा जास्त. फेरफार नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे एक वाक्य ज्या ज्युनिअरच्या अंगात मुरलं नाही तो या जिल्ह्यात पक्षकाराचं मोठं नुकसान करू शकतो. बार परीक्षेत त्याला 80 टक्के असले तरी.

हा जिल्हा, 1981 पर्यंतचा कुलाबा, जमिनीच्या कायद्यानेच घडलेला आहे. अलिबागजवळच्या चरी परिसरात 1933 ते 1939 शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप सहा वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे हेच शेत होतं. पुढे उरणच्या जासईचे दि. बा. पाटील, स्वतः वकील, सिडकोच्या संपादनाविरुद्ध शेतकऱ्यांसोबत उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच शेतकरी गेले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पुढे आलं. पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) संपादनाबद्दल 21 सप्टेंबर 2008 रोजी मतदान केलं. किनाऱ्यावर 1991, 2011 आणि 2019 अशा तीन सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना एकावर एक बसल्या आहेत. किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडला गेला तो याच किनारी कायद्याच्या वादातून. या सगळ्याला परीक्षेत पर्यावरणाचे दोन आणि भूसंपादनाचे दोन गुण आहेत. परीक्षेने आणखी गुण द्यावेत असा हट्ट मी धरत नाही. मी एवढंच म्हणतो की जो निकाल या गोष्टी मोजतच नाही, त्याच्यावरून एखादी मुलगी मुरूडच्या कोर्टात उभी राहायला लायक आहे की नाही, हे अलिबागच्या बाररूममध्ये कुणी ठरवू नये.

वकिली म्हणजे नेमकं काय काम, हे रायगडानेच देशाला एकदा दाखवलं आहे. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. 12 डिसेंबर 1927 ला तळं खाजगी आहे असं सांगत सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, तळ्यावर जाणं थांबवलं आणि लढाई कोर्टात नेली. महाडच्या न्यायालयाने 8 जून 1931 ला निकाल त्यांच्या बाजूने दिला. ठाण्याला अपील फेटाळलं गेलं. आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांनी तोच निकाल कायम केला. निकाल ठरला तो कशावर? तळं नगरपालिकेचं आहे की खाजगी, आणि ज्या रूढीचा आधार घेतला जातो ती अनादी काळापासूनची असल्याचं वादींनी सिद्ध केलं का, या प्रश्नांवर. म्हणजे कागद, साक्षी आणि पुराव्याचा भार यांवर. सव्वानऊ वर्षं त्यांचा माग न सोडणं हे ते काम. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत या चिकाटीचं मोजमाप होणार नाही, आणि ते होतं असा दावाही कुणी करू नये.

सनद मिळणं आणि परीक्षा उत्तीर्ण होणं या दोन गोष्टी एकच नाहीत, हे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींच्या आयुष्याने फार कठोरपणे दाखवलं. त्यांनी 1897 मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबीची परीक्षा दिली, 1899 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची प्लीडरची परीक्षा दिली. तरी स्त्री म्हणून त्यांना वकील मानलं गेलं नाही. त्यासाठी 1923 चा कायदा यावा लागला. त्यांच्याकडे निकाल होता, हक्क नव्हता. आज अनुत्तीर्ण मुलीकडे सनद आहे, आणि निकाल नाही म्हणून तिच्याकडे सगळे संशयाने पाहतात. दोन्ही वेळी परीक्षेला तिच्या आवाक्याबाहेरचा अर्थ चिकटवला गेला.

एवढं म्हटल्यावर परीक्षेच्या बाजूने जे खरं आहे तेही मला म्हणायला हवं, नाहीतर हा लेख निव्वळ सांत्वन होईल. वरचा आराखडा पुन्हा पाहा. राज्यघटना, दोन्ही प्रक्रिया संहिता, पुरावा आणि दंडविधान या पाच विषयांचे गुण मिळून 46 होतात. कौटुंबिक कायदा आणि करार-मालमत्तेचा गट धरला तर 62. म्हणजे तालुका कोर्टातल्या ज्युनिअरच्या हाताखालून रोज जाणाऱ्या सात गटांतच ही परीक्षा बऱ्यापैकी सामावलेली आहे. वर्षभर जामीन अर्ज लिहिणाऱ्याला फौजदारी प्रक्रियेचे दहातले सात प्रश्न यायला हवेत. येत नसतील तर तो जुन्या अर्जावर नाव आणि गुन्हा क्रमांक बदलून काम चालवतो आहे, कलम उघडून वाचत नाही, अशी शंका रास्त ठरते. आमच्या महाविद्यालयांतलं शिक्षण गाइडांवर आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर चालतं. मूळ कायदा हातात न घेता पदवी मिळवता येते. पुस्तक सोबत असूनही माणसं नापास होतात याचं मोठं कारण हे आहे. ज्याला कलम कुठे आहे ते ठाऊक नाही त्याला दोन मिनिटांत ते सापडत नाही. आणि 1 जुलै 2024 पासून तर वरिष्ठांचा अनुभवही या बाबतीत अर्धाच कामाचा राहिला: 511 कलमांची दंडसंहिता जाऊन 358 कलमांची भारतीय न्याय संहिता आली, 302 चं 103 झालं, 420 चं 318 झालं. आता सीनिअर आणि ज्युनिअर दोघांनाही एकाच पानापासून सुरुवात करायची आहे. नव्या वकिलाला यापेक्षा चांगली संधी नाही.

म्हणून अनुत्तीर्ण झालेल्याने निकालाचा शब्द बाजूला ठेवावा आणि आपल्या संचाची अंतिम उत्तरसूची घेऊन बसावं. कौन्सिलने आकडा आणि विषयवार फोड दिली नाही तरी ती स्वतः करता येते. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर प्रामाणिकपणे लिहावं: हे मला माहीतच नव्हतं, की माहीत होतं पण वेळेत सापडलं नाही, की प्रश्नच उलटा वाचला. तीन कारणांचे उपाय तीन वेगळे आहेत. माहीत नसेल तर अभ्यास. सापडलं नसेल तर पुस्तकाची अनुक्रमणिका आणि प्रकरणांची रचना हाताला सवयीची करणं. उलटा वाचला असेल तर, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांत हे बरंच दिसतं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रश्न शेजारी ठेवून वाचण्याचा सराव. परीक्षा मराठीतून देता येते. त्यात कमीपणा काहीही नाही, राज्याच्या कनिष्ठ न्यायालयांची भाषाही मराठीच आहे. पण नव्या संहितांचं पुस्तक इंग्रजी घ्यायचं आणि प्रश्नपत्रिका मराठी, अशी सरमिसळ करू नये. आणि प्रयत्नांना मर्यादा नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. पुन्हा बसण्याने सनदेवर कसलीही नोंद होत नाही, प्रमाणपत्रावर कितव्या खेपेला पास झालात ते छापत नाहीत.

उत्तीर्ण झालेल्यानेही हीच फोड करावी असं मला वाटतं. तो करणार नाही, कारण त्याच्या हाती प्रमाणपत्र आलेलं असतं. पण 46 ने पास झालेला आणि नीतिमत्तेच्या चारही प्रश्नांत चुकलेला वकील उद्या पक्षकाराचे पैसे आणि मूळ खरेदीखत आपल्या कपाटात ठेवणार आहे. त्याला ती चूक कुणी दाखवलेली नाही.

खर्चाचं गणित मात्र उमेदवाराच्या हातचं नाही. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात ठरवलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा नावनोंदणीचं शुल्क जास्त घेता येणार नाही: खुल्या गटाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याच वर्षी बार परीक्षेचं शुल्क खुल्या आणि इतर मागास गटाला 3500 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 2500 होतं. म्हणजे वकील होण्याच्या कायदेशीर शुल्काच्या साडेचार पटीहून अधिक, अनुसूचित गटाला तर वीसपट, आणि तेही दर खेपेला. त्यात श्रीवर्धन किंवा मुरूडहून मोठ्या शहरातल्या केंद्रावर आदल्या दिवशी जाणं, एक रात्र राहणं. पहिल्या वर्षात सीनिअर जे देतील त्यावर चालणाऱ्या ज्युनिअरला हे पैसे मोठे आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये कौन्सिलने ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला महिना किमान 15000 रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि आमच्या तालुक्यांच्या ठिकाणी ते घेणारा ज्युनिअर मला भेटलेला नाही. बाबासाहेबांकडेही 1923 मध्ये सनदेचे पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले. प्रत्येकाला भथेना भेटत नाही.

कौन्सिलकडे मागायच्या गोष्टी त्यामुळे मोठ्या नाहीत. प्रत्येक उमेदवाराला त्याचे एकूण आणि विषयवार गुण द्यावेत. उत्तरपत्रिका संगणक तपासतो, तेव्हा ही फोड त्याच्याकडे तयारच असते. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा निकालासोबत उघडून द्यावी. रद्द केलेले प्रश्न कोणते आणि का, हे कारणासह छापावं. अनुत्तीर्णाला पुढच्या खेपेस शुल्कात निम्मी सवलत द्यावी. आणि वेळापत्रकाचं वचन पाळावं. वर्षातून किमान दोनदा परीक्षा घेण्याची तरतूद 2010 च्या नियमांतच होती. प्रत्यक्षात सोळावी परीक्षा 31 ऑक्टोबर 2021 ला झाली आणि सतरावी 5 फेब्रुवारी 2023 ला. मधलं संपूर्ण 2022 कोरडं गेलं. अठरावी डिसेंबर 2023 मध्ये, एकोणिसावी डिसेंबर 2024 मध्ये, विसावी नोव्हेंबर 2025 मध्ये. ज्याने 2021 च्या नोव्हेंबरात सनद घेतली त्याच्या दोन वर्षांच्या मुदतीत परीक्षा आली ती एकदाच. त्या दिवशी तो आजारी असेल, घरात सुतक असेल, किंवा दोन गुणांनी चुकला असेल, तर मुदत संपली आणि दुसरी संधीच आली नाही. ही मुदत महिन्यांत मोजणं अन्यायाचं आहे. ती परीक्षांत मोजावी: सनदेनंतर प्रत्यक्ष घेतल्या गेलेल्या चार परीक्षा, त्या दोन वर्षांत होवोत की चार. जिल्हा वकील संघांनी तसा ठराव करून राज्य कौन्सिलकडे पाठवला तर त्याला कायद्याची कसलीही आडकाठी नाही, आणि अलिबागच्या संघाने तो पहिला पाठवावा असं मला मनापासून वाटतं.